काचनळीतला फुलोरा

कळकाच्या बेटाला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, त्याला बी धरते आणि मग सारे बेट उभ्या उभ्या वाळून जाते, ही गोष्ट कोकणात वा घाटमाथ्यावर ज्यांचे बालपण गेले त्यांना नव्याने सांगावयास नको. मात्र मंडळातील ज्या कुटुंबांची मुलेबाळे इकडेच जन्मली व वाढली त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, कळक म्हणजे काटेरी व जाड अंगाचा बांबू. जुन्या शास्त्रीय ग्रंथांत त्यास बांबुसा अरुंडिनेसिया म्हणत. आता बांबुसा बांबोस म्हणतात. बी रुजल्यापासून फुलोरा येईपर्यंत त्याला सामान्यतः तीस ते पंचेचाळीस वर्षे लागतात, आणि एका वेळच्या बियांपासून उगवलेली बेटे एकाच सुमारास फुलतात. माणसाच्या आयुष्यात हा प्रसंग एकदा, फार तर दोनदा पाहावयास मिळावयाचा.

मार्च १९९० मध्ये 'नेचर' या ब्रिटिश विज्ञान-साप्ताहिकात जेमतेम दोन पृष्ठांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लिहिणारे तिघे होते : आर. एस. नाडगौडा, व्ही. ए. परशरामी आणि ए. एफ. मस्कारेन्हस. संस्था होती पुण्यातील पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. लेखात सांगितले होते ते असे की, या प्रयोगशाळेतील काचनळ्यांत वाढविलेल्या कळकाच्या कोवळ्या अंकुरांना काही महिन्यांतच फुले आली, आणि त्यांत बीही धरले. जे बेट पणजोबाने लावावे आणि नातवाने फुललेले पाहावे, त्याच्या वंशातील वीतभरही नसलेला कोंब शेंदरी बोराएवढ्या कापसाच्या बोळ्याखाली, नळीच्या आत फुलला होता. या दोन पृष्ठांमागचा इतिहास जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे. तो आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगू इच्छितो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आणि सरकारी नोकरीत वनस्पतींशी आमचा संबंध आला तो बहुधा फायलींच्याच द्वारे. तेव्हा शास्त्रज्ञ वाचकांनी हे निवेदन एका जिज्ञासू गृहस्थाचे म्हणून वाचावे.

प्रथम, कळकाच्या फुलण्याने माणसांचे काय होत असे हे पाहिले पाहिजे. बांबू फुलला की दुष्काळ येतो, असा आपल्याकडे समज आहे. जुन्या नोंदींत याच्या उलट चित्रही सापडते. १८६४ साली कानडा जिल्ह्यातील सुपे भागाच्या जंगलांत बांबूला सार्वत्रिक बहर आला. तेव्हा धारवाड आणि बेळगाव या जिल्ह्यांतून सुमारे ५०,००० माणसे बी गोळा करण्यासाठी तेथे उतरली, असा त्या वेळच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. एकेक टोळी दहा-चौदा दिवस रानात राही आणि पावसाळाभर पुरेल इतके बी घेऊन परत जाई. काही विकावयासही नेई. बांबूचे बी म्हणजे तांदळासारखेच धान्य, कारण बांबू हे मुळात गवत आहे. (हे गवत आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. १९२७ च्या वन कायद्याने मात्र त्याला वृक्षांत गणले, आणि जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला त्या व्याख्येतून सोडविण्यास २०१७ साल उजाडावे लागले. सरकारी कागदाचे वय कळकाच्या वयाहून अधिक असू शकते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.)

ईशान्येकडील कथा वेगळी आहे. मिझोरामच्या डोंगरांवर मेलोकॅना जातीचा बांबू कोसच्या कोस पसरलेला असून त्याचा फेरा ४८ वर्षांचा, म्हणजे जवळपास आपल्या मंडळाच्या आजवरच्या आयुष्याएवढा आहे. त्याला फुलोऱ्यानंतर पेरूएवढी मांसल फळे येतात. फळांवर उंदीर तुटून पडतात, त्यांची वीण बेसुमार वाढते, आणि फळे संपली की त्यांच्या झुंडी डोंगरउतारावरील भातशेतीत शिरतात. या अरिष्टाला मिझो लोक 'मौताम' म्हणतात. 'मौ' म्हणजे बांबू आणि 'ताम' म्हणजे मरण. १९११-१२ मध्ये ते आले, पुन्हा १९५८-५९ मध्ये आले. दुसऱ्या खेपेस जाणत्या मिझो मंडळींनी आधी इशारा दिला होता. सरकारी यंत्रणेने त्याचे गांभीर्य वेळेवर ओळखले नाही. उपासमारीच्या मदतकार्यासाठी १९६० मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली जी संघटना उभी राहिली, तिच्यातूनच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष झाला, १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला, आणि शांतता-करार व्हावयास १९८६ साल यावे लागले. बांबूच्या फुलाने एका प्रदेशाची वीस वर्षे अशी अशांततेत गेली. २००६ नंतरच्या मौतामच्या वेळी मात्र तारीख सर्वांना आधीच ठाऊक होती. धान्याचे साठे, उंदीर मारणाऱ्यांना शेपटीमागे बक्षीस, पर्यायी पिके अशी तयारी झाली. नुकसान झाले, परंतु १९५९ ची पुनरावृत्ती झाली नाही. हे कळले ते कोणा यंत्राने नव्हे, जुन्या माणसांनी ठेवलेल्या वर्षांच्या हिशेबाने.

तेव्हा बांबू हा हिशेब कोठे ठेवतो, हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाही.

आता काचनळीकडे वळू. वनस्पतीचा एखादा बारीकसा तुकडा, शेंड्याचा कोंब, पानाचा अंश, मुळाची कापटी, निर्जंतुक करून साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि वाढीस चालना देणारी द्रव्ये यांच्या मिश्रणावर ठेवावयाचा आणि त्यातून संपूर्ण रोप उभे करावयाचे, यास ऊतिसंवर्धन म्हणतात. बोलण्यात आपण सर्व 'टिश्यू कल्चर' म्हणतो. मिश्रण घट्ट करण्यासाठी जो अगर घालतात तो आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रासच. या विद्येचा आद्य पुरुष ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गोटलिब हाबरलांड्ट. पानातील एकेक पेशी सुटी करून त्याने ती पोषक द्रवात ठेवली. पेशी काही आठवडे जगल्या, आकाराने मोठ्याही झाल्या, पण एकही दुभंगली नाही. १९०२ साली त्याने हे अपयश प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले आणि त्याच लेखात भाकीत केले की, वनस्पतीच्या साध्या पेशीपासूनही कधी काळी भ्रूण निर्माण करता येतील. प्रत्येक पेशीच्या ठायी संपूर्ण झाड होण्याची शक्ती आहे, हा त्यातील विचार. हाबरलांड्ट १९४५ पर्यंत जगला. १९३९ साली फ्रान्समध्ये गोत्रे व नोबेकूर यांनी गाजराच्या आणि अमेरिकेत व्हाइट याने तंबाखूच्या ऊती अखंड वाढत्या ठेवून दाखविल्या, तेव्हा हा वृद्ध गृहस्थ हयात होता, ही आम्हांस मोठी समाधानाची गोष्ट वाटते.

पुढचा टप्पा आपल्या ओळखीच्या वस्तूने गाठला. १९४१ मध्ये व्हान ओव्हरबीक आणि त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, धोत्र्याचे अगदी कोवळे भ्रूण, जे अन्य कोणत्याही द्रवात तग धरत नसत, ते नारळाचे पाणी घातले असता वाढू लागतात. इंग्रजी ग्रंथांत यास नारळाचे दूध म्हटले आहे. पण ते आपण खवून पिळून काढतो ते दूध नव्हे, शहाळ्यात किंवा नारळात असते ते पाणी. पुढे कॉर्नेल विद्यापीठात स्टुअर्ड याने १९५८ मध्ये याच पाण्याच्या साहाय्याने गाजराच्या मुळातील पेशींपासून भ्रूणसदृश पिंड आणि त्यांपासून रोपे मिळविली. हाबरलांड्टचे भाकीत छपन्न वर्षांनी खरे झाले.

नारळाच्या पाण्यात असे काय आहे, याचा शोध चालू असतानाच विस्कॉन्सिन येथे स्कूग आणि मिलर यांना १९५५ मध्ये कायनेटिन हे द्रव्य सापडले, तेही हेरिंग माशाच्या शुक्रद्रव्याच्या एका जुन्या, शिळ्या नमुन्यात. ताज्या नमुन्याने काहीच होईना. दाबाखाली उकळल्यावर मात्र तोही गुणकारी ठरला. १९५७ मध्ये याच दोघांनी दाखविले की, एका जातीचे संप्रेरक अधिक झाले की तुकड्याला मुळे फुटतात, दुसऱ्याचे अधिक झाले की कोंब फुटतात, आणि दोन्हींचा तोल साधला तर नुसता गोळा वाढत राहतो. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी क्षारांचे जे प्रमाण ठरवून दिले, ते आज जगातील बहुतेक प्रयोगशाळांत वापरात आहे. वस्तुतः ते तंबाखूच्या पानांच्या अर्कात एखादे नवे वाढद्रव्य मिळते का हे शोधत होते. द्रव्य मिळाले नाही, पण क्षारांची ही यादी मिळाली.

भारतात ही विद्या रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागास आणि त्याचे प्रमुख पंचानन माहेश्वरी यांस जाते. जयपूरला १९०४ मध्ये जन्मलेले हे प्राध्यापक ढाक्याहून १९४९ मध्ये दिल्लीस आले. गर्भविज्ञान हा त्यांचा हातखंडा विषय. १९६१ मध्ये त्यांनी दिल्लीत ऊतिसंवर्धनावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरविला. पुढच्याच वर्षी कुसुम कांता, रंगस्वामी आणि स्वतः माहेश्वरी यांनी अफूच्या फुलातील बीजांडे आणि पराग काचनळीत एकत्र ठेवून फलन घडविले आणि बी मिळविले. १९६४ मध्ये शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी पेशीविभाजनाच्या अभ्यासासाठी धोत्र्याचे परागकोश माध्यमावर ठेवले असता त्यांतून चक्क भ्रूण बाहेर आले. परागकणापासून रोप, म्हणजे केवळ पित्याच्या अर्ध्या गुणसूत्रांवर वाढलेले रोप, जगाला प्रथम दिसले ते दिल्लीत. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या या फुलाचे शास्त्रावर फार उपकार आहेत. जपान व चीन येथील भातसंशोधकांनी ही युक्ती उचलली आणि तिच्या बळावर नवे वाण जलद तयार केले. आपल्याकडे मात्र तिचा हवा तितका उपयोग झाला नाही, असे आमचे मत आहे. बांबूच्या संदर्भातही दिल्लीचे नाव पुन्हा येते. तेथील उषा मेहता, रामानुज राव आणि मोहन राम यांनी १९८२ मध्ये कळकाच्या बियांतील ऊतींपासून भ्रूण व रोपे तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली.

रोप निर्माण होणे ही एक गोष्ट, आणि त्याला फूल येणे ही दुसरी. झाडाने फुलावे केव्हा, हे पाने ठरवितात आणि कसलासा निरोप शेंड्याकडे धाडतात, असे रशियन शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडले व त्या अज्ञात द्रव्यास फ्लोरिजेन असे नाव दिले. सत्तर वर्षे लोक ते शोधत राहिले. २००७ मध्ये ते एक प्रथिन असल्याचे ठरले. दरम्यान काचनळीत फुले आणण्याचे प्रयोग चालूच होते. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये काम करणाऱ्या त्रान थान व्हान या विदुषीने फुलावर आलेल्या तंबाखूच्या देठावरील पापुद्र्याएवढ्या पातळ थरातून थेट फुलांच्या कळ्या उगवून दाखविल्या. मध्ये खोड नाही, पाने नाहीत. पण तंबाखू हे वर्षाच्या आत फुलणारे झाड. चाळीस वर्षे थांबणाऱ्या कळकाला ही घाई कोणी लावू शकेल, अशी कल्पना फारशी कोणाच्या मनात नव्हती.

पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. रसायनांच्या या घरात झाडांनी कसा प्रवेश केला, असे कोणी विचारील. तेथील जीवरसायन विभागात डॉ. जगन्नाथन यांच्या काळात हे काम सुरू झाले आणि मस्कारेन्हस यांनी ते वाढविले. त्यांचा रोख वृक्षांवर होता, आणि वृक्ष हे या विद्येतील सर्वांत हट्टी विद्यार्थी. कोवळे रोप नळीत सहज वाढते. जुन्या झाडाचा तुकडा काळा पडतो, बुरशी धरतो, नाही तर नुसताच बसून राहतो. उत्तम साग कोणता हे तर साग म्हातारा झाल्यावरच कळते. १९८० मध्ये या गटाने शंभर वर्षांच्या सागाच्या कळ्यांपासून रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. पाठोपाठ निलगिरीच्या एका जातीचेही. सागाच्या या यशाचे महत्त्व बांबूच्या बातमीने थोडे झाकोळले गेले, असे आम्हांस वाटते.

बांबूवरचे काम बियांपासून रुजविलेल्या कोवळ्या रोपांवर चालले होते. कोंब वाढवावयाचे, त्यांचे फुटवे सुटे करावयाचे, पुन्हा नव्या नळीत ठेवावयाचे, असा क्रम. माध्यमात साखर व क्षारांबरोबर नारळाचे पाणी आणि कायनेटिनच्याच कुळातील बेंझिलअमिनोप्युरिन हे द्रव्य. अशा दोनतीन फेऱ्यांनंतर कोंबांच्या शेंड्यांवर पानांऐवजी गवताच्या फुलांसारखी बारीक कणसे दिसू लागली. कळकाप्रमाणेच डेंड्रोकॅलॅमस ब्रँडिसी या दुसऱ्या जातीतही हेच घडले. ही दुसरी जात ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते डिट्रिख ब्रँडिस ब्रिटिश अमदानीतील वनखात्याचे पहिले महानिरीक्षक असून, हिंदुस्थानातील बांबूंच्या फुलण्याच्या नोंदी त्यांनी कष्टाने जमविल्या होत्या.

या बातमीने जगभर खळबळ उडाली ती योग्यच होती. बांबूचा संकर करणे आजवर अशक्यप्राय होते, कारण दोन जाती एकाच वर्षी फुलतील याची शाश्वती नाही आणि फुलल्याच तर पुढची संधी चाळीस वर्षांनी. गहू व भाताच्या बाबतीत जे संशोधक आयुष्यात पन्नास पिढ्या पाहतात, त्यांना बांबूची एकच पिढी पाहावयास मिळते. ही वाट पाहणे नळीत मिटले, तर बुरुडाला हवा तसा लवचीक, बांधकामाला हवा तसा भक्कम आणि कागद गिरणीला हवा तसा लांब धाग्याचा बांबू घडविता येईल, अशी आशा निर्माण झाली.

पण शंकाही निघाल्या आणि त्या रास्त होत्या. निसर्गातही क्वचित एखादे कोवळे रोप अकाली फुलते व मरते, तसाच हा प्रकार नव्हे काय? नळीतील फुलोरा आणि डोंगरच्या डोंगर एकदम फुलणे या एकच गोष्टी आहेत काय? पुढे अनेक देशांतील प्रयोगशाळांनी बांबूच्या अन्य जातींना नळीत फुलविले, त्यामुळे पुण्याच्या निरीक्षणाबद्दल संशय उरला नाही. तरीही नळीतील फुलापासून शेतातील संकरित वाणापर्यंतची वाट बिकट ठरली. बी थोडे, फुललेले कोंब अशक्त, आणि रानातल्या बांबूचे घड्याळ नेमके कसे चालते याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही. एवढे मात्र पुण्याच्या नळ्यांनी सिद्ध केले की, फुलण्याचे सारे सामर्थ्य कळकाच्या अंगी पहिल्या दिवसापासून असते. चाळीस वर्षांत ते त्याच्यात नव्याने येत नाही. इतकी वर्षे ते कशाने तरी अडवून धरलेले असते.

आता व्यवहाराची गोष्ट, कारण आपल्यापैकी अनेकांची गावाकडे थोडीफार जमीन आहे आणि निवृत्तीनंतर तेथे काय लावावे हा विषय आपल्या बैठकांत नेहमी निघतो. केळीच्या बाबतीत टिश्यू कल्चरने काय केले हे जळगावकडील मंडळी जाणतात. १९९० च्या दशकापासून तेथे ग्रँड नैन जातीची अशी रोपे पसरली. केळ दरवर्षी घड देते, तेथे प्रश्न नाही. बांबूच्या बाबतीत आहे. ऊतिसंवर्धित रोप हे मूळ झाडाचेच अंग असते. जुन्या बेटाच्या तुकड्यापासून रोपे केली तर ती दिसावयास बाळे, पण वयाने बेटाएवढी. बेट पस्तीस वर्षांचे असेल तर ही रोपेही त्याच्याबरोबरच फुलण्याचा व मरण्याचा धोका असतो, मग ती कोठेही लावलेली असोत.

याचे बोलके उदाहरण युरोपातील आहे. इंग्रज वनस्पतिसंग्राहक अर्नेस्ट विल्सन याने १९०७ साली चीनच्या हुपे प्रांतातून एक सुंदर बांबू आणला. त्याला पुढे त्याच्या मुलीचे, म्युरिएलचे नाव मिळाले. अमेरिकेतील आर्नल्ड उद्यानातून त्याचे एक रोप १९१३ मध्ये लंडनजवळील क्यू उद्यानात गेले, आणि युरोपभर बागाबागांतून जे म्युरिएलचे बांबू लागले ते सगळे त्या एका रोपाची वाटणी होते. काचनळीचा येथे संबंध नव्हता, माळ्याची कुदळच होती. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याला फुले दिसू लागली आणि १९९० च्या दशकात देशोदेशींचे हे बांबू फुलून वाळले. जमीन निराळी, हवामान निराळे, मालक निराळे. वय मात्र सर्वांचे एक. मग लोकांनी त्याचेच बी पेरले व नवी रोपे केली.

राष्ट्रीय बांबू अभियान २००६ मध्ये सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. तेव्हापासून शेतकऱ्यांना टिश्यू कल्चरचा बांबू लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला वाईट नाही. एकसारखी, रोगमुक्त रोपे मिळण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. पण रोपवाटिकेत गेल्यावर किमतीआधी दोन प्रश्न विचारावेत : हे रोप बियांपासून वाढविलेल्या मातृरोपाचे की जुन्या बेटाचे, आणि जुन्या बेटाचे असेल तर त्या जातीला याआधी फुलोरा कोणत्या साली आला होता? जात, मातृबेटाचे ठिकाण व साल यांची नोंद देणारी वाटिका निवडावी, आणि ते कागद जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर ठेवावेत. मिझोरामच्या हिशेबाप्रमाणे पुढील मौताम २०५४ च्या सुमारास आहे.